भजनाची चाल घरीच जपताना : मल्टिट्रॅक रेकॉर्डर कसा निवडावा?

तेर (जि. धाराशिव) : तेरणा नदीकाठचे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांमुळे. शके १२३९ म्हणजे इ.स. १३१७ मध्ये त्यांनी येथे समाधी घेतली, असे परंपरा सांगते. चैत्र वद्यात येथे यात्रा भरते आणि टाळ-पखवाजाच्या साथीने अभंगांचा गजर होतो. अभंगांचे शब्द गाथेत छापलेले मिळतात. चाल मात्र छापलेली नसते. ती ज्येष्ठ गायकाच्या गळ्यात असते आणि शेजारी बसून ऐकणाऱ्याकडे जाते. ऐकणारी पिढी नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईत स्थिरावली, की ही साखळी तुटण्याचा धोका असतो.

जात्यावरच्या ओव्यांबाबत हा अनुभव आलेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. ध्वनिमुद्रण मात्र त्यांतील काही हजार ओव्यांचेच होऊ शकले. उरलेल्या ओव्यांचे शब्द राहिले, गळा राहिला नाही. म्हणूनच गावाकडच्या वडीलधाऱ्यांचे भजन घरीच नीट मुद्रित करून ठेवण्याची इच्छा असलेल्यांनी साधन कोणते घ्यावे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

मल्टिट्रॅक म्हणजे काय?

मोबाइलवर मुद्रण करताना गायक, पेटी, पखवाज आणि टाळ हे सारे आवाज एकत्र मिसळून साठतात. टाळांचा आवाज चढला तर तो नंतर वेगळा करून कमी करणे अवघड असते. मल्टिट्रॅक रेकॉर्डर प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र पट्टीवर म्हणजे 'ट्रॅक'वर ठेवतो. त्यामुळे मुद्रणानंतर गळा पुढे आणता येतो, पेटी मागे ठेवता येते. आधीचे मुद्रण हेडफोनवर ऐकत त्यावर नवा आवाज चढवण्याचीही सोय असते. तिला 'ओव्हरडब' म्हणतात.

ही सोय घरात आणली ती टिॲक या जपानी कंपनीने. १९७९ मध्ये तिने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे 'पोर्टास्टुडिओ १४४' हे यंत्र बाजारात आणले. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२ मधील 'नेब्रास्का' हा गाजलेला अल्बम अशाच यंत्रावर घरी मुद्रित झाला होता. आज कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली आहे. संगणकावरही हे काम होते; पण त्यासाठी ऑडिओ इंटरफेस, सॉफ्टवेअर आणि ते शिकण्याची तयारी लागते. स्वतंत्र रेकॉर्डरमध्ये माइक जोडून बटण दाबले की काम सुरू होते. नवशिक्यासाठी हाच त्याचा मोठा गुण.

आकडा कोणता पाहावा?

जाहिरातीत ठळक छापलेला असतो तो एकूण ट्रॅकचा आकडा. खरेदीदाराने मात्र एकाच वेळी किती आवाज मुद्रित होतात, हे आधी विचारावे. टॅस्कमच्या डीपी-००८ईएक्स किंवा झूमच्या आर-८ या यंत्रांत आठ ट्रॅक आहेत, पण एका वेळी दोनच मुद्रित होतात. टॅस्कमचे डीपी-२४एसडी किंवा झूमचे आर-१६ आणि आर-२० एका वेळी आठ ट्रॅक मुद्रित करतात.

एकटी व्यक्ती आधी पेटी, मग गाणे अशा क्रमाने मुद्रण करणार असेल, तर दोन इनपुट पुरतात. भजनाचे गणित वेगळे आहे. भजनाची लय ठाय सुरू होऊन चढत जाते. यंत्रातील मेट्रोनोमची एकसारखी टकटक तेथे उपयोगी पडत नाही. गायक पखवाजाकडे पाहून उचल घेतो आणि टाळकरी गायकाकडे पाहून. त्यांना वेगवेगळे बसवून मुद्रण केले, तर जी गोष्ट जपायची तीच हरवते. त्यामुळे मंडळी एकत्र बसणार असतील, तर किमान चार इनपुट हवेत : मुख्य गायक, पेटी, पखवाज आणि टाळकऱ्यांसह कोरस. दोनच इनपुटचे यंत्र हाताशी असेल, तर गायक आणि पखवाज एकत्र मुद्रित करून पेटी व कोरस नंतर चढवावा. गायकाला सूर मिळावा म्हणून त्याच्या हेडफोनमध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा द्यावा आणि तो पेटीच्या त्याच पट्टीत लावावा.

इतर बाबी

कंडेन्सर माइक वापरायचा असेल, तर यंत्रात ४८ व्होल्टचा 'फँटम पॉवर' हवा. मात्र घरातील पंखा आणि रस्त्यावरची वाहने लक्षात घेता, जवळून गाण्यासाठी साधा डायनॅमिक माइक अधिक सोयीचा. तो भोवतालचा गोंगाट कमी उचलतो. टाळ माइकपासून दूर ठेवावेत. आवाजाची पातळी लावताना सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, असे पाहावे. पातळी ओलांडून फाटलेला आवाज नंतर पुरता दुरुस्त होत नाही. झूमच्या आर-४ सारख्या नव्या यंत्रांतील '३२ बिट फ्लोट' पद्धतीमुळे ही चूक बरीचशी सावरता येते.

खेड्यात विजेचा भरवसा नसतो. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र तेथे उपयोगी पडते; डीपी-००८ईएक्स आणि आर-८ चार सेलवर चालतात. जागेचा हिशेब सोपा आहे. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ दर्जाच्या एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ५.३ एमबी लागतात. म्हणजे आठ ट्रॅकच्या तासाभराच्या भजनाला साधारण अडीच जीबी. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर त्याला कोणते कार्ड चालते आणि मुद्रण 'वेव्ह' फाइलच्या रूपात संगणकावर घेता येते का, हे आधी तपासावे. यंत्र बिघडते, कार्ड हरवते. फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी असतील तरच मुद्रण टिकते.

यंत्र यायचे आहे म्हणून मुद्रण लांबणीवर टाकू नये. घरातील ज्येष्ठ आज गात असतील, तर आज मोबाइलवरच मुद्रण करावे आणि सुरुवातीला गायकाचे नाव, गाव, तारीख व अभंगाचा पहिला चरण बोलून ठेवावा. रेकॉर्डर पुढच्या महिन्यातही विकत घेता येतो. चाल मात्र ती जाणणारा गळा शाबूत आहे तोवरच मिळते.