घर बांधणारा व्याज भरतो तेव्हां

अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं राहणाऱ्या आमच्या भाच्यानें मध्यंतरीं पत्रांतून एक कोडें घातलें. वर्षाकाठीं दहापांच घरें बांधून विकणारा एक लहान व्यावसायिक त्यास ४ लक्ष डॉलरांचें घर देत होता, वर म्हणत होता, "बाजारांत कर्जाचा दर शेंकडा ७ असला तरी पहिल्या वर्षीं तुम्हांस ५ च्या दरानें हप्ता पडेल." भाच्यानें विचारलें, "मामा, यांत मेख कोठें आहे?" लीलावतींतील मिश्रव्यवहाराचीं गणितें मुलांकडून सोडवून घेण्यांत आमची हयात गेली. आम्हीं पाटी घेतली.

तिकडे ३० वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्यें शेंकडा २.६५ पर्यंत उतरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्यें तोच ७.७९ वर चढला. घरें खपेनात. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या कर्जपेढ्या असतात; शेंकडों घरांसाठीं आगाऊ रक्कम मोजून त्या स्वस्त दर घाऊक विकत घेतात. लहान व्यावसायिकाचें तेवढें बळ नाहीं. परंतु एकेका घरापुरता दर त्यालाही विकत घेतां येतो.

भाच्याचें कर्ज ३,२०,००० डॉलरांचें. शेंकडा ७ नें मासिक हप्ता २,१२९. ६ नें १,९१९. ५ नें १,७१८. पहिल्या वर्षीं ५, दुसऱ्या वर्षीं ६ व पुढें कायम ७, अशी ही योजना. मधली तूट भरण्यासाठीं विकणारा सुमारें साडेसात हजार डॉलर निराळ्या खात्यांत ठेवतो. तेवढीच रक्कम किंमतींतून वजा होऊन कर्ज कमी झालें असतें, तर हप्ता अवघा ५० डॉलरांनीं उतरता. येथें पहिल्या वर्षीं तो ४११ नीं उतरतो. लहान व्यावसायिक मोठ्यांपुढें टिकतो तो ह्या युक्तीनें.

मेख तिसऱ्या वर्षीं आहे. भाचेसून मुलासाठीं दोन वर्षांनीं नोकरी सोडणार, आणि नेमका तेव्हांच हप्ता २,१२९ होणार! ज्या कर्जांस फॅनी मे संस्थेचें पाठबळ असतें, त्यांत पेढीनें ऋणकोची ऐपत पूर्ण दरानेंच तपासावी असा नियम आहे. पण दोन वर्षांनंतरच्या मिळकतीचा विचार घरच्या माणसांनींच करावयाचा.

दुसरी एक वाट आहे. कर्जाच्या शेंकडा १ इतकी रक्कम आरंभीं भरल्यास दर बहुधा पाव टक्का कायमचा उतरतो. प्रमाण बाजाराप्रमाणें बदलतें. साडेसात हजारांत सुमारें अर्धा टक्का उतरला, तर हप्ता २,०२३ वर येऊन तेथेंच राहील. मात्र पुढें दर घसरून नवें कर्ज काढलें, तर हा लाभ अर्ध्यावर संपतो.

आम्हीं भाच्यास तीन प्रश्न विचारण्यास लिहिलें: ही सवलत किंमतींतच चढविली आहे काय? तेवढ्याच पैशांत दर कायमचा उतरवाल काय? दुसऱ्या पेढीचा दर काय पडतो? गिऱ्हाईक धाडल्याबद्दल पेढीकडून दलाली घेणें तेथें १९७४ च्या कायद्यानें निषिद्ध आहे; तेव्हां हा शेवटचा प्रश्न विचारण्यांत संकोच कसला?

विकणारा कबूल झाला. दर कायमचा साडेसहा ठरला. पहिल्या वर्षीं हात जरा आंखडता ठेवावा लागेल. पण दोन वर्षांनीं पाळणा हलेल, तेव्हां घरांत हप्त्याची धास्ती नसेल.