पुस्तकांची यादी कोणी केली?

निमगाव सावा या गावाहून पारनेरमार्गे नगरकडे गेले की ख्रिस्ती धर्माच्या दोन शाखांचा मुलूख लागतो. प्रॉटेस्टंट अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली ठाण मांडले; कॅथलिक जेझुइट फादर तिथे पोचले ते जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. पोप, मरियेची भक्ती, संतांना विनवणी, फादरपुढे पापांची कबुली, हे सारे बायबलात कुठे लिहिले आहे, असा प्रॉटेस्टंटांचा जुना सवाल आहे. कॅथलिक माणूस लगेच वचने धुंडाळू लागतो आणि तिथेच अडकतो. त्याने आधी उलट विचारायला हवे, की बायबलात असेल तेवढेच मानायचे हा नियम तरी बायबलात कुठे सापडतो? शास्त्र ईश्वरप्रेरित आणि उपयोगी आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. ते एकटेच पुरेसे आहे, असे तिथे म्हटलेले नाही. उलट थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तोंडी मिळालेली शिकवणही धरून ठेवा म्हणून बजावतो.

त्याहून अवघड प्रश्न पुस्तकांच्या यादीचा आहे. नव्या करारात २७ पुस्तके आहेत, पण ही २७ कोणती, हे त्यांपैकी एकाही पुस्तकात नाही. पहिली तीन शतके ही यादी पक्की नव्हती. ‘हर्मासचा मेंढपाळ’ नावाचे पुस्तक काही ठिकाणी शास्त्राच्या मानाने वाचले जाई, तर प्रकटीकरण आणि इब्री लोकांस लिहिलेले पत्र यांविषयी कुठे कुठे शंका होत्या. आज आपल्याला ठाऊक असलेली २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते. पुढे ३९३ साली हिप्पोच्या आणि ३९७ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने तीच मान्य केली. म्हणजे ज्या ग्रंथाच्या जोरावर ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, जाब विचारायचा, त्या ग्रंथाची शीव ख्रिस्तसभेच्या बिशपांनीच आखली. ती अधिकाराने न आखता ज्याने त्याने आपल्या बुद्धीने आखायची ठरवली तर काय होते, हे खुद्द मार्टिन लूथरने दाखवले आहे. १५२२ च्या जर्मन नव्या करारात त्याने इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके शेवटी ढकलली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांकही दिला नाही. त्याच्या अनुयायांनी ती चारही ठेवली, ती जुन्या यादीच्या वजनामुळे असे मला वाटते.

यावर प्रॉटेस्टंट पंडितांचे उत्तर सरळ आहे : ख्रिस्तसभेने ही पुस्तके पवित्र केली नाहीत, ती मुळातच पवित्र होती, सभेने फक्त ओळखली. कॅथलिकांना हे मान्यच आहे. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनेही तसेच सांगितले. पण ओळखणाऱ्यावर विश्वास ठेवल्याशिवाय ओळख पटत नाही. आपल्याकडचेच उदाहरण घ्या : निमगाव साव्याच्या आसपास सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते. ज्ञानेश्वरी एकनाथांनी रचली असे कोणी म्हणणार नाही. पण शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी पाठ शुद्ध केला आणि त्यात आपली ओवी घुसडू नये अशी तंबी दिली. पारायणाला बसणारा नकळत नाथांच्या निवाड्यावरही भरवसा टाकत असतो.

मराठीत ख्रिस्तसभेच्या या अधिकाराला सर्वांत तिखट हरकत घेतली ती पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो अँग्लिकन चर्चमध्ये. पण १८८५ मध्ये तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी स्पष्ट लिहिले, की ब्राह्मण पुरोहितांचे जोखड उतरवून आल्यावर दुसऱ्या धर्मगुरूंचे जोखड मी मानेवर घेणार नाही. ज्या मुलुखात अधिकार म्हटले की जातीचा अधिकार, तिथल्या बाईने हे म्हणावे यात काही वावगे नाही. पण पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल स्वतः सिद्ध केले, तेव्हा नव्या कराराची तीच २७ पुस्तके घेतली. शब्दाशब्दावर स्वतःचा कौल देणाऱ्या या विदुषीनेही ती यादी नव्याने केली नाही. जोखड नाकारले तरी वारसा घ्यावाच लागला.

आता खरी दुखरी बाजू. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय होते. असल्या अधिकारावर विश्वास कसा ठेवायचा? सारवासारव करण्यात अर्थ नाही. तो जुलूमच होता, आणि सत्याच्या सेवेत घडलेल्या हिंसेबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी जाहीर क्षमायाचना केली. पण कॅथलिक सिद्धांत धर्मगुरूंना निष्पाप म्हणत नाही. १८७० ची पोपच्या अचुकतेची व्याख्याही लोकांना वाटते त्यापेक्षा फार आखूड आहे : सगळ्या ख्रिस्तसभेचा गुरू या नात्याने श्रद्धा वा नीती यांविषयी दिलेला अंतिम निर्णय, एवढ्यापुरतीच ती आहे. त्यानंतर तिचा असा जाहीर वापर १९५० साली मरियेच्या स्वर्गारोहणाबाबत झाला. पोपचे राजकारण, नेमणुका, खटले यांना ती लागू नाही.

एक गोष्ट मात्र कॅथलिकांनीही मान्य करावी. यादीच्या युक्तिवादाने ख्रिस्तसभेचा अधिकार सिद्ध होतो, रोमचा आपोआप होत नाही. याचे उदाहरण नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे. या पंडिताच्या लिखाणाचा रमाबाईंवर प्रभाव पडला होता. ते सुरुवातीच्या इव्हँजेलिकल मिशनकडून प्राचीन परंपरा आणि धर्मपरिषदा मानणाऱ्या विचाराकडे सरकले, तरी १८९५ साली वारले ते अँग्लिकन म्हणूनच. रोमपर्यंत जायला आणखी पुरावा लागतो : मत्तयाच्या १६ व्या अध्यायात पेत्राला दिलेल्या किल्ल्या, आणि पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथच्या मंडळीतले भांडण मिटवण्यासाठी रोमच्या मंडळीने पाठवलेले, क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाणारे पत्र. करिंथकरांनी ते झिडकारले नाही. पुढे कित्येक वर्षे ते त्यांच्या उपासनेत वाचले जाई.