'संत तुकाराम' : एका जुन्या आक्षेपाचा विचार

गाजलेल्या चित्रपटाचा कैवार घेण्याची गरजच काय, असे कोणीही विचारील. प्रभातचा 'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षभराहून अधिक काळ तेथे मुक्काम ठोकून राहिला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीच्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. इतके झाल्यावर वकिली कोणाची करायची?

पण चित्रपटाचा गौरव होणे निराळे आणि तो नीट पाहिला जाणे निराळे. आमच्या शिकल्यासवरलेल्या मंडळींत या चित्रपटाविषयी एक ठराविक मत आहे. काम छान, गाणी छान, पण शेवटी सारा चमत्कारांचा बाजार! तुकारामासारख्या रोखठोक कवीला या लोकांनी तसबिरीतला देव करून टाकले. वह्या पाण्यातून वर काय येतात, शिवाजीमहाराजांची अनेक रूपे काय दिसतात, शेवटी गरुडाचे विमान काय येते! आक्षेप घेणारी माणसे अडाणी नसतात. त्यांनी गाथा वाचलेली असते आणि म्हणूनच ती चिडलेली असतात.

मीही त्यांच्यातलाच होतो, हे कबूल केले पाहिजे. गाथा शिकवताना वर्गात मी दरवर्षी एक वाक्य ठेवून देत असे: "गाथा वाचा, सिनेमा नाही पाहिला तरी चालेल." पोरे हसत. एका वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. तिचे वडील वारकरी. पेरणी उरकते न उरकते तोच ते दिंडीबरोबर निघत आणि मागे गुरेढोरे, धाकटी भावंडे आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणीची काळजी, हे सारे आईच्या गळ्यात पडे. ती म्हणाली, "सर, तुम्ही सारखं तुकारामाचंच बोलता. आमच्या घरी तर जिजाई आहे." एवढे बोलून ती गेली. मी त्या आठवड्यात चित्रपट पुन्हा लावून पाहिला. या वेळी नजर जिजाईवर ठेवून पाहिला.

आणि मग ध्यानात आले की आपण इतकी वर्षे अर्धाच चित्रपट पाहत होतो.

विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आपल्याच नादात आहे. त्याच्यासमोर गौरीने उभी केलेली जिजाई पायांनी घट्ट जमिनीवर उभी आहे. गौरी काही नामवंत नटी नव्हती. कदाचित म्हणूनच तिच्या बोलण्यात रंगभूमीचा एकही हेल सापडत नाही. तिचा आवाज चढतो तो अंगणातून गोठ्याकडे हाक मारताना चढावा तसा. घरात दाणा नाही, पोर आजारी आहे, औषधाला पैसा नाही आणि नवरा सांगतो की पांडुरंगावर भरवसा ठेव. तेव्हा ही बाई काय करते? एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन ती थेट देवळात शिरते, विठोबाला मारायला! आपल्याकडच्या भक्तिपटांत देवाला साकडे घालणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. देवावर पायताण उगारणारी अशी मला दुसरी आठवत नाही.

आता पोर बरे होते, हे खरे. आक्षेपक म्हणतील, झालाच ना चमत्कार! झाला. पण जिजाई त्याने भक्त झाली का? मुळीच नाही. दुसऱ्या दिवशीची चूल तिलाच पेटवायची आहे, आणि ती पूर्वीइतकीच चिडलेली आहे. महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा ती हरखते. तुकाराम तो नाकारतो. या प्रसंगात आपली सहानुभूती नक्की कोणाकडे जावी, हे दिग्दर्शकांनी ठरवून टाकलेले नाही. मला तर दर खेपेस दोघांचेही पटते, आणि त्याने जरा अस्वस्थ व्हायला होते. चमत्कार हा ज्या चित्रपटात शेवटचा शब्द असतो, तेथे न पटलेला माणूस एक तर शरण येतो, नाहीतर खलनायक ठरतो. येथे न पटलेले माणूस चित्रपटाच्या मधोमध, घरची कर्ती बाई म्हणून शेवटपर्यंत उभे आहे.

ही जिजाई लेखक शिवराम वाशीकरांनी हवेतून काढलेली नाही. गाथेतच बायकोच्या तोंडचे कडू बोल मांडणारे अभंग आहेत. घरात टाळकुटे जमतात, पोरांच्या तोंडचे जाते, ही तिची तक्रार तुकोबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. स्वतःविरुद्धची साक्ष इतक्या इमानाने नोंदवणारा कवी विरळाच. चमत्कार आले आहेत ते महिपतीच्या परंपरेतून. त्याचे 'भक्तलीलामृत' १७७४ सालचे, म्हणजे तुकोबांच्या मागून सव्वाशे वर्षांनी. तेव्हा या चित्रपटात महिपती आणि गाथा असे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत आहेत. टीकाकारांनी पहिला पाहिला आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली.

दुसरी एक गोष्ट कानांनी पाहायची आहे, म्हणजे ऐकायची आहे. सालोमालो हा प्रतिस्पर्धी तुकारामाचे अभंग चोरतो आणि आपल्या नावावर खपवतो. हे नाव गाथेत आहे. बाकीचे पात्र चित्रपटाने रचले. तुकारामाची चाल साधी, टाळाच्या ठेक्यावर चालणारी, कोणालाही उचलता येईल अशी. तेच शब्द सालोमालोच्या गळ्यातून येतात तेव्हा ताना-मुरक्यांनी असे मढतात की अर्थ बिचारा कोपऱ्यात जाऊन बसतो. केशवराव भोळ्यांनी संगीतातून केलेली ही टीका आहे, आणि भाषणाचे एक वाक्यही न खर्चता केलेली आहे. अभंग कोणाचा? ज्याला तो कामाच्या ओघात गुणगुणता येतो त्याचा. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले बीजाचे आणि झाडाचे पद पुष्कळांना तुकोबांचेच वाटले, ते गाथेत शोधले गेले, अशी हकीकत सांगतात. साधेपणाचा अंदाज किती अचूक साधला होता, ते यावरून कळावे.

दिग्दर्शक दोघे. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शक. मराठी वारकऱ्याचे घर, ओटा, देऊळ ज्यांच्या नजरेतून उभे राहिले ते फत्तेलाल धर्माने मुसलमान होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. भांडी, गोठा, म्हैस, घाट या साऱ्यांकडे या दोघांनी कारागिराच्या नजरेने पाहिले आहे. म्हणून वर विमान आले तरी खालची माती खोटी होत नाही.

सगळेच आक्षेप फोल आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ, त्यात अन्नावाचून गेलेली पहिली बायको, बुडालेला व्यापार, या होरपळीतून तुकाराम घडला. चित्रपट सुरू होतो तेव्हा तो संत झालेलाच आहे. ही उणीव मोठी आहे. चंद्रकांत कुलकर्णींच्या २०१२ च्या 'तुकाराम'ने ती बरीच भरून काढली, त्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. गणिकेचा प्रसंगही मला आजही जरा ठोकळेबाज वाटतो. आणि शिवाजीमहाराजांची ती अनेक रूपे! तेथे मी हळूच घड्याळाकडे पाहतो.

पण विमानाच्या प्रसंगाविषयी माझे मत बदलले आहे. पूर्वी मी तेथे उठत असे. 'वैकुंठगमन' या शब्दावर आपल्याकडे किती वाद आहेत ते श्रोत्यांना ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. मी फक्त पडद्यावर काय घडते ते सांगतो. तुकाराम जिजाईला बरोबर चल म्हणतो. ती येत नाही. पोरे आहेत, संसार आहे, तो कोणावर टाकायचा? तो वर जातो आणि ती खाली राहते. आकाशातले ते गरुडाचे विमान म्हणजे कॅमेऱ्याची करामत आहे, हे आज शाळकरी पोरही सांगेल. वर पाहणारी जिजाई मात्र करामत नाही.

पुढच्या वर्षी गाथेचा पहिला तास घेताना मी ते जुने वाक्य गाळले. त्या विद्यार्थिनीला हे सांगायचे राहून गेले. ती तोवर पदवी घेऊन गावी परतली होती. आता वर्गात मी जिजाईच्या तोंडचे अभंग आधी शिकवतो, आणि मग चित्रपट दाखवतो. विमान आले की पोरे अजूनही हसतात. पायताणाच्या प्रसंगाला मात्र अजून कोणी हसलेले नाही.