मोंजुईकचा चढ आणि बॅटरीचा हिशेब

बार्सिलोना बघायला भाड्याची ई-सायकल फार सोयीची. शहराची ‘बिसिंग’ ही सायकल सेवा मात्र तिथल्या रहिवाशांसाठीच आहे; पाहुण्यांनी सरळ दुकान गाठावं.

युरोपीय नियमांत बसणाऱ्या ई-सायकलची मोटर जास्तीत जास्त २५० वॉटची असते. ती पॅडल मारलं तरच जोर लावते आणि ताशी २५ किलोमीटरला थांबते. चांगल्या सायकलीतला सेन्सर पायाचा दाब मोजतो. स्वस्तातला फक्त पॅडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, म्हणून ती सायकल सिग्नलला एकदम हिसका मारते. गर्दीत हा फरक जाणवतोच. भाडं भरण्याआधी एक चक्कर मारून बघाच!

बॅटरी पुरेल का? मोंजुईकची टेकडी समुद्रापासून सुमारे १७३ मीटर उंच. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो धरा. एवढं वजन वर न्यायला लागतात जेमतेम ४७ वॉट-तास. मोटरमधली गळती धरली, तरी ५०० वॉट-तासांच्या बॅटरीला हे किरकोळच. शिवाय थोडा भार तुमचे पायही उचलतात.

खरी वाटमारी वारा करतो, तीही बार्सेलोनेटाच्या सपाट किनाऱ्यावर. ताशी २० च्या वेगाने जाताना समोरून तेवढाच वारा आला, तर हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून बॅटरी भरलेली असतानाच वाऱ्याच्या तोंडावर निघावं आणि परतीला तो पाठीशी घ्यावा. उतारावर बॅटरी भरून निघेल ही आशा नको. बहुतेक ई-सायकलींत ती सोयच नसते.