शनिवारी रिक्षाने आलेला दहावा

कामोठ्याहून पनवेल किती लांब? मानसरोवरला लोकल पकडली की दुसरं स्टेशन. पनवेलच्या जुन्या वस्तीत 1849 सालचं बेथ एल सिनॅगॉग आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत शब्बाथ. या वेळात वाहनात बसायचं नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. आता समजा, कामोठ्यातल्या एखाद्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, तरुणाची तळोज्याच्या कारखान्यात शनिवारीही पाळी आहे. ती आटोपून तो रिक्षाने थेट प्रार्थनेला येतो. चालत आलेल्या, नेमाने वागणाऱ्या माणसाने त्याच्याकडे कसं पाहायचं? यावर आपल्याकडे बऱ्याच ऐकीव गोष्टी फिरतात.

गैरसमज : जो शब्बाथ पाळत नाही, तो ज्यू उरत नाही.

वस्तुस्थिती : चुकला तरी इस्रायलचा माणूस इस्रायलचाच राहतो, हे तालमूद या ज्यू शास्त्रग्रंथाने फार पूर्वी सांगून ठेवलंय. नेम मोडणं वेगळं आणि समाजातून उठणं वेगळं. हेही खरं, की जुन्या शास्त्रकारांनी उघडपणे शब्बाथ मोडणाऱ्याला काही बाबतींत परक्यासारखं मानलं होतं; त्याने हाताळलेला द्राक्षरससुद्धा चालत नसे. पण तेव्हा सगळी वस्ती नेम पाळत असे आणि एखादाच मुद्दाम मोडत असे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या रब्बी याकोब एटलिंगर यांनी नेमकी हीच गोष्ट धरली. शब्बाथची प्रार्थना म्हणणारा आणि नंतर दुकान उघडणारा माणूस बंडखोर नव्हे, त्याला वळणच तसं लागलंय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. शास्त्रात अशांसाठी एक शब्दच आहे : परक्यांनी पळवून नेलेलं मूल. लहानपणी जे शिकवलंच नाही, त्याचा जाब मोठेपणी विचारायचा नाही. मध्ययुगातला मोठा शास्त्रकार मैमोनिदीस, त्याने तर वेगळ्या पंथात वाढलेल्यांच्या मुलाबाळांना गोडीगुलाबीने जवळ आणा, असं बजावलं आहे.

हे वाचताना मला दर वेळी अलिबागजवळचं नवगाव आठवतं. तिथे गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, धर्मग्रंथ बुडाले, अशी बेने इस्रायलांची परंपरेची कथा. किनाऱ्यावर ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘शनवार तेली’. हिब्रू विसरले, पण ‘शेमा’ची प्रार्थना तोंडात राहिली. आठव्या दिवशी मुलाची सुंता, योम किप्पूरला दारं लावून उपास. सणाचं नावच मराठी झालं, दारफाळणी. मग डेव्हिड राहाबी नावाचा जाणकार आला. त्याने बायकांसमोर तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि त्यांनी पर नि खवले असलेली तेवढीच निवडली. राहाबी कोण आणि कधी आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तो वाद बाजूला ठेवू. कथेतला राहाबी पुढे काय करतो, ते बघण्यासारखं आहे. हे आपलेच, असं म्हणून तो शिकवायला बसतो. तीन घराण्यांतली माणसं तयार करतो, त्यांनाच काजी म्हणू लागले.

गैरसमज : नेम पाळणारे ज्यू सगळीकडे राहाबीसारखेच वागले.

नाही हो. मुंबईतल्या बगदादी ज्यूंना बेने इस्रायल अर्धवट वाटत. प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना धरायचं की नाही, इथपासून कुरबुरी होत्या. रंगूनमध्ये 1930च्या दशकात असंच एक प्रकरण हायकोर्टात गेलं आणि निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. इस्रायलमध्ये तर कडेलोट झाला. इथल्यांना ज्यू काडीमोडीचं शास्त्र ठाऊक नव्हतं, मग जुन्या पिढ्यांची लग्नं शुद्ध कशावरून, असा संशय काढून 1962 मध्ये तिथल्या प्रमुख रब्बींनी फर्मान काढलं : लग्न लावण्यापूर्वी बेने इस्रायलांच्या आई-आजीपासून मागच्या पिढ्या तपासा. रोह्या-पेणच्या आज्यांच्या लग्नाची कागदपत्रं जेरुसलेमात कुठून आणणार? लोक रस्त्यावर उतरले. 1964च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि रब्बींना फर्मानातून समाजाचं नाव काढावं लागलं. शास्त्र तेच होतं. राहाबीने त्यातून शिकवणी काढली, यांनी चौकशी.

गैरसमज : चूक दिसली की टोकलंच पाहिजे.

टोकण्याची आज्ञा तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, आहेच. पण जे ऐकलं जाणार नाही ते न बोलणं हेही तितकंच कर्तव्य, असं तालमूद सांगतं. चारचौघांत लाज काढणं तर मोठं पाप. घरोघरी ‘लोक काय म्हणतील’ने जे बिघडतं, ते इथेही बिघडतंच.

गैरसमज : नेम न पाळणाऱ्याच्या घरी पाणीसुद्धा चालत नाही.

पाणी चालतं, फळं चालतात, काचेच्या पेल्यातला कोरा चहाही बहुतेकांना चालतो. अडचण असते मटणाची आणि भांड्यांची. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, म्हणून तर बेने इस्रायली रश्शात नारळाचं दूध पडतं. मलिद्याचं ताट त्याहून सोपं : भिजवलेले गोड पोहे, खवलेलं खोबरं, वर फळांच्या फोडी. प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने ते मांडलं की नेमवाला आणि बिननेमवाला एकाच ताटातून उचलतात.

राहिला रिक्षाचा प्रश्न. शब्बाथला गाडीने येईल हे माहीत असताना एखाद्याला बोलवावं का, यावर रब्बींत आजही दोन तट आहेत. काही म्हणतात, बोलवूच नका. काही म्हणतात, शुक्रवारीच मुक्कामाला या असं सांगा, मग त्याचं तो ठरवेल. आपणहून आलेल्याला दारातून परत पाठवण्याची गोष्ट यात नाही. दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी, कोल निद्रे म्हणण्याच्या आधी, नेम मोडणाऱ्यांसोबत प्रार्थना करायला परवानगी आहे असं प्रार्थना चालवणारा हजान मोठ्याने जाहीर करतो. ही प्रथा तेराव्या शतकातल्या रोथेनबुर्गच्या रब्बी मेइर यांच्या नावावर सांगतात. तालमूदमध्ये तर पापी माणसं वगळून केलेला सामुदायिक उपास उपासच नव्हे, असं म्हटलं आहे. पनवेलसारख्या ठिकाणी, जिथली बरीच घरं इस्रायलला निघून गेली, हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. नऊ पुरुष जमून बसलेत आणि बाहेर रिक्षा थांबते, तेव्हा वाचनासाठी सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर काढता येईल की नाही, हे त्या उतरणाऱ्या माणसावर ठरतं.