शेवाळातील इंधन : जमाखर्च आणि जयणा

वाकडच्या एका बाजूस हिंजवडीच्या संगणक कंपन्या, तर उत्तरेस चाकणचा वाहनउद्योग. मुंबई-बंगळूर महामार्गावर अहोरात्र धावणाऱ्या वाहनांसाठी जळणारे तेल बहुतांशी परदेशातून येते. देशाच्या गरजेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात होते. याच वाकडच्या कडेने वाहणारी मुळा उन्हाळ्यात जलपर्णीने झाकली जाते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हेच तिचे खत. या खतावर शेवाळ वाढवून त्यातून इंधन काढता येईल का, हा प्रश्न म्हणूनच या परिसराला परका नाही.

शास्त्राचे उत्तर होकारार्थी आहे. सूक्ष्म शेवाळाच्या काही जातींत सुक्या वजनाच्या २० ते ५० टक्के तेल असते. एक किलो सुके शेवाळ तयार होताना सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. त्यासाठी सुपीक जमीन लागत नाही. खारे किंवा सांडपाणीही चालते. काढलेल्या तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया केली की बायोडिझेल मिळते आणि ग्लिसरीन उपउत्पादन म्हणून उरते.

अडचण येते ती खर्चाच्या बाजूस. उघड्या तळ्यात एका लिटर पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम सुके शेवाळ धरले, तर एक किलोसाठी दोन हजार लिटर पाणी हाताळावे लागते. त्यात पाव हिस्सा तेल मानले, तर एक किलो तेलासाठी हा आकडा आठ हजार लिटरवर जातो. पाणी पुन्हा वापरता येते. परंतु ते ढवळणे, उपसणे, शेवाळ गाळणे आणि सुकवणे यांसाठी वीज लागते. मिळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा मोठा भाग तेथेच खर्ची पडतो.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकी सरकारने १९७८ साली शेवाळ-इंधनाचा संशोधन कार्यक्रम हाती घेतला. शेवाळाच्या तीन हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह झाला. तरीही खनिज तेलाशी दराची स्पर्धा जमली नाही आणि १९९६ साली तो बंद झाला. एक्सॉनमोबिल या बलाढ्य तेल कंपनीने २००९ मध्ये या क्षेत्रात ६० कोटी डॉलरपर्यंत गुंतवणुकीची घोषणा केली होती. २०२३ च्या प्रारंभी तिच्या माघारीचे वृत्त आले.

पुण्यात जैवइंधनाने वेगळी वाट धरली आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या प्रवासी विमानात देशी कच्च्या मालापासून बनवलेले जैवइंधन मिसळलेले होते. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या अल्कोहोलमधून तयार केले होते. मळी साखर कारखान्यात आयतीच उपलब्ध असते; शेवाळ मात्र आधी पिकवावे लागते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पर्यंत १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे. मोटारी विजेवर चालू लागल्या तरी लांब पल्ल्याच्या विमानांना द्रव इंधनच लागेल. शेवाळाच्या तेलाला उद्या संधी मिळाली, तर ती येथेच अधिक संभवते. तोवर सांडपाण्याचे शुद्धीकरण हे मुख्य काम आणि इंधन ही दुय्यम आवक, अशी मांडणीच व्यवहार्य वाटते.

जैन व्यापारी कुटुंबास मात्र आणखी एक हिशेब मांडावा लागतो. इरियावहिय सूत्रात ज्या जीवांच्या विराधनेची क्षमा मागितली जाते, त्यांत ‘पणग’ म्हणजे शेवाळही आहे. शेवाळ अनंतकाय मानले जाते; एका शरीरात अनंत जीव. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीलन कर्म, म्हणजे यंत्राने पिळण्याचा धंदा, गणलेला आहे. शेवाळ मुद्दाम वाढवून, सुकवून त्याचे तेल काढणे या दोन्ही कसोट्यांवर सहज उतरत नाही. दुसरीकडे, खनिज तेलाचा धूर आणि नदीत मिसळणारे सांडपाणी यांनीही असंख्य जीवांची हानी होतेच. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. तिची मर्यादा जयणेने आखणे त्याच्या हाती असते. येथे आपल्या गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घेणे उचित ठरेल.

उद्या कोणी शेवाळ-इंधनाच्या प्रकल्पात भागीदारीचा प्रस्ताव घेऊन आला, तर चार गोष्टी लेखी मागाव्यात. पाणी कोठून येणार आणि किती वर्षांच्या कराराने? एक किलो तेलामागे वीज किती लागणार? माल कोण, कोणत्या दराने घेणार? आणि खनिज तेल स्वस्त झाले, तर उत्पन्नाचे दुसरे साधन कोणते? शेवाळ किती वेगाने वाढते, हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर असेल. ही चार उत्तरे मिळेपर्यंत घरच्या भांडवलास हात लावू नये.