जुना पिकअप, कच्ची वाट आणि खर्चाचा क्रम

वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात पहाटे मोठ्या ट्रकांच्या रांगांमधून वाट काढणारे पिकअप सर्वत्र दिसतात. १९८० च्या दशकापासून मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने येथे आले. त्यांच्यामागून मसाला, धान्य, फळे आणि कांदा-बटाटा यांचा व्यापार करणारी कुटुंबेही नवी मुंबईत स्थिरावली. दुकान, गोदाम आणि गिऱ्हाईक यांना जोडणारे हे छोटे वाहन मग पेढीचा अविभाज्य भाग झाले. महिंद्राचा बोलेरो पिकअप किंवा टाटाचा २०७ आठ-दहा वर्षे राबतो, त्याचे कर्ज फिटते आणि ताळेबंदात त्याचे मूल्य नाममात्र उरते. नेमक्या याच वेळी पेढीला नव्या वाटा खुणावू लागतात. मुरबाडकडील शेतातून थेट माल उचलायचा असतो, कोकणातील जांभ्या दगडाच्या पायवाटेवरून आंब्याच्या पेट्या आणायच्या असतात किंवा कर्जत-खालापूरकडील नव्या गोदामापर्यंत पोहोचायचे असते. डांबरी रस्ता संपतो आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर चिखल, चढ व खडी यांचे असतात.

नवीन वाहन घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसते. त्यामुळे आहे त्याच गाडीला कच्च्या रस्त्यासाठी सज्ज करण्याचा विचार पुढे येतो. भ्रमणध्वनीवरील चित्रफितींमधून उंच उचललेली गाडी, रुंद टायर, पुढे लोखंडी गार्ड आणि छतावर दिव्यांची माळ दिसते. घरातील तरुण पिढीला ती भुरळ घालते, तर वडीलधाऱ्यांना तो निव्वळ अपव्यय वाटतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. मात्र खरा प्रश्न खर्च करावा की नाही हा नसून तो कोणत्या क्रमाने करावा, हा आहे. हा क्रम चुकला तर पैसा वाया जातोच, शिवाय घाटात गाडी उतरवणाऱ्या चालकाचा आणि त्याच्या साथीदाराचा जीवही टांगणीला लागतो.

गाडी नेमकी कशामुळे अडते?

खर्चाचा आराखडा करण्यापूर्वी महिनाभर एक साधी नोंदवही ठेवावी. गाडी कोठे अडली, तेव्हा ती भरलेली होती की रिकामी, कोणते चाक जागीच फिरत राहिले आणि बाहेर निघायला किती वेळ लागला, एवढ्या चार गोष्टी चालकाने लिहून ठेवाव्यात. इंजिनाची ताकद अपुरी पडल्यामुळे गाडी क्वचितच अडते, हे या नोंदींतून बहुधा स्पष्ट होते.

बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाची शक्ती केवळ मागील चाकांकडे जाते. दोन चाकांमधील डिफरन्शियलची रचना अशी असते की वळणावर बाहेरचे चाक अधिक आणि आतले कमी फिरू शकते. पक्क्या रस्त्यावर ही सोय उत्तम ठरते. चिखलात मात्र ज्या चाकाची पकड सुटली तेच गरागरा फिरते आणि कोरड्या जागेवरील चाक स्तब्ध राहते. त्यातच गाडी रिकामी असली तर मागील चाकांवर वजनच नसते. भरलेला पिकअप जो चढ सहज चढतो, त्यावर रिकामा पिकअप घसरतो तो यामुळेच. अशा वेळी चाकांपुढे टाकलेली चार रिकामी बारदाने आणि मागील आसावर ठेवलेली दोन-तीन भरलेली पोती जे काम करतात, ते हजारो रुपयांची शोभेची जोडणी करू शकत नाही.

पहिला खर्च: मूळ क्षमता परत मिळवणे

दहा वर्षे चाललेली गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जेवढी सक्षम होती, तेवढी आज नसते. त्यामुळे सुधारणेची पहिली पायरी म्हणजे झीज भरून काढणे होय. सुरुवात चासीपासून करावी. उरण, अलिबाग आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. मागील पाटे जेथे चासीला अडकवलेले असतात, तेथे मिस्त्रीकडून हातोडीने ठोकून पाहावे. लोखंडाचा पापुद्रा सुटत असेल किंवा आवाज बद्द येत असेल, तर त्या गाडीवर सुधारणेचा एक रुपयाही घालू नये. चासी दुरुस्त करावी किंवा गाडी निवृत्त करावी.

त्यानंतर ब्रेक पाहावेत. लायनर, व्हील सिलिंडर आणि रबरी नळ्या यांची तपासणी आवश्यक आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. जुने झालेले तेल लांब उतारावर तापून उकळले की ब्रेकचे पेडल खाली बसते. म्हणून ते ठरावीक काळाने बदलणे हा कच्च्या रस्त्याच्या तयारीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा खर्च आहे. माळशेज किंवा कशेडीसारख्या घाटात, ज्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम तर विनामूल्य आहे.

तिसरा भाग पाट्यांचा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा. बसलेले किंवा तुटलेले पाटे, झिजलेले बुश आणि तेल गळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले की गाडीची गेलेली उंची काही अंशी आपोआप परत येते. तिला वेगळे उचलण्याची गरज भासत नाही. स्टिअरिंगचे सांधे, रेडिएटर, पाण्याच्या नळ्या आणि पंख्याचा पट्टा हेही याच यादीत येतात. वापरलेले सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात स्वस्त मिळतात. दरवाजा, आरसा किंवा फाळका असा भाग तेथून अवश्य घ्यावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर मात्र जुने घेऊ नयेत.

दुसरा खर्च: टायर

जमिनीला स्पर्श करणारी गाडीची एकमेव वस्तू म्हणजे टायर. हळू वेगाने चिखलातून जाणाऱ्या गाडीसाठी मागे खोल व आडव्या खाचांचे टायर आणि पुढे सरळ धारेचे टायर ही जोडी मालवाहतुकीत रूढ आहे. नियमानुसार खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. चिखलासाठी ही मर्यादा फारच तोकडी असून गोटा झालेला टायर पावसाळ्यात चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. खरेदी करताना टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा वाचावा. २३२५ याचा अर्थ २०२५ सालातील तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर दुकानात किती वर्षे पडून होता, हे त्यावरून कळते. भारवहन क्षमतेचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

मोठ्या व्यासाच्या टायरचा मोह टाळलेला बरा. व्यास पाच टक्के वाढला की चाकाशी मिळणारा ओढ सुमारे तेवढाच घटतो, क्लचवर ताण येतो आणि काटा साठ दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात त्रेसष्टच्या वेगाने धावते. ब्रेकला तेच काम अधिक कष्टाने करावे लागते, ते वेगळेच.

तिसरा खर्च: सुटकेचे साहित्य

कच्च्या रस्त्यावर अडणे अटळ आहे. म्हणून सुटकेचे साहित्य गाडीतच असावे. भक्कम जॅक, तो चिखलात रुतू नये म्हणून खाली ठेवायला जाड फळी, चाकाला लावायच्या दोन लाकडी उट्या, फावडे, पुरेशा क्षमतेचा ओढण्याचा पट्टा, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप, विजेरी आणि आठ-दहा बारदाने एवढे साहित्य एका पेटीत मावते. पट्टा बंपरला बांधू नये. कारखान्याने दिलेल्या हुकालाच तो अडकवावा आणि ओढताना कोणीही जवळ उभे राहू नये. ताणलेला पट्टा तुटला तर तो प्राणघातक ठरतो.

इंजिनाखाली पातळ संरक्षक पत्रा, डिफरन्शियलच्या श्वासनळीला लांब नळी जोडून ती उंचावर नेणे आणि समुद्रकाठच्या फेरीनंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे, ही कामे थोड्या पैशांत होतात आणि गाडीचे आयुष्य वाढवतात.

वजनाचा हिशेब

जड गार्ड, विंच, छतावरील लोखंडी सांगाडा आणि जादा चाक यांचे वजन मिळून शंभर किलो झाले असे समजू. गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन नोंदणी प्रमाणपत्रावर ठरलेले असते. त्यामुळे हे शंभर किलो मालातून वजा होतात. वर्षाचे तीनशे दिवस रोज एक फेरी धरली, तर तीस टन माल कमी वाहिला जातो. सव्वा टनाच्या पिकअपसाठी या चोवीस फेऱ्या झाल्या. व्यापाऱ्याने शोभेची किंमत अशा फेऱ्यांत मोजावी.

जादा पाटे घातले की गाडी जादा माल वाहू शकते, हा समजही घातक आहे. पाटे घट्ट झाले तरी आस, ब्रेक आणि चासी पूर्वीचीच राहते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेपेक्षा अधिक भार वाहिल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ऑस्ट्रेलियात प्रमाणित संच बसवून गाडीची अधिकृत भारमर्यादा वाढवून घेता येते आणि अनेक चित्रफिती तेथूनच येतात. भारतात मात्र गॅरेजमध्ये पाटे वाढवून नोंदणीतील आकडा बदलत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ दृढ केला. नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी शिक्षा कायद्यात आहे. पुढील लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिली होती. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि तेथे असे बदल अडचणीचे ठरतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल नुकसानभरपाईच्या वेळी वादाचे कारण होऊ शकतो. झिजलेला भाग मूळ मापाच्या नव्या भागाने बदलण्यात यांपैकी कोणताच धोका नाही.

पैशाचा हिशेब

समजा, एकूण खर्च साठ हजार रुपये आहे आणि गाडी आणखी तीन वर्षे चालेल असा अंदाज आहे. महिन्याला सुमारे १,६६७ रुपये मुद्दल आणि बारा टक्के दराने सरासरी ३०० रुपये व्याज धरले, तर मासिक भार जवळपास दोन हजारांचा, म्हणजे वर्षाला चोवीस हजारांचा होतो. गाडी एक दिवस अडल्यास भाडे, मजुरी आणि नासाडी मिळून चार हजारांचे नुकसान होत असेल, तर या खर्चाने वर्षातील सहा दिवस वाचले पाहिजेत. नोंदवहीतील आकडा सहापेक्षा बराच अधिक असेल तर खर्च समर्थनीय ठरतो. तो दोन-तीनच असेल तर शेवटच्या टप्प्यासाठी गावातील ट्रॅक्टर भाड्याने घेणे स्वस्त पडते.

झीज भरून काढणारी दुरुस्ती सामान्यतः चालू वर्षाच्या खर्चात जाते. क्षमता वाढवणारी नवी जोडणी मात्र भांडवली खर्च मानली जाते आणि तिच्यावर घसारा मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मालवाहू वाहनावरील खर्चाची कर-वजावट मिळू शकते. परंतु केवळ ताजी फळे किंवा भाजी अशा करमुक्त मालाचा व्यापार असेल, तर ती मिळत नाही. दोन्ही प्रसंगी पक्के बिल घ्यावे.

सर्व कामे एकदम काढण्याची गरज नाही. चासी, ब्रेक आणि पाटे यांचे काम मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे पावसापूर्वी पूर्ण करावे. टायर आणि सुटकेची पेटी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत यावी. पावसाळाभर नोंदवही चालू ठेवावी आणि उरलेल्या गोष्टींचा निर्णय दिवाळीनंतर त्या नोंदी समोर ठेवून घ्यावा. या बैठकीत गाडीच्या मालकाइतकेच चालकाचेही मत विचारात घ्यावे. कोणत्या वळणावर गाडी ओढ खाते आणि कोणत्या उतारावर पेडल खोल जाते, हे रोज स्टिअरिंग हाती धरणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याने एखादी वाट पावसात नको असे सांगितले, तर त्या दिवशीची फेरी रद्द करणे हाच पेढीच्या हिताचा निर्णय असतो.